पोटातून नाहीसा झालेला पट्टा

१

"पट्टा दिसत नाहीये," एक्स-रे विभागाचे डॉक्टर म्हणाले.

"नीट बघा. पोटाच्या अगदी वरच्या टोकाला असेल," सर्जनबाई म्हणाल्या.

"बाई, तो कुठे असतो ते मला ठाऊक आहे. तिथे नाहीये म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

काचेपलीकडे पायलट उभी होती. हातात एक्स-रेत उमटणाऱ्या बेरियमच्या पांढऱ्या घोळाचा पेला, ओठांवर पांढरी मिशी. पायलट विमान चालवत नव्हती, शहराची बस चालवायची. डेपोतल्या लोकांनी तिला हे नाव दिलं आणि ते इतकं चिकटलं की घरी नवराही तिला त्याच नावानं हाक मारायचा. वजनानं ती भलतीच भारी होती. काही वर्षांपूर्वी तिच्या पोटात पट्टा घालण्याचं ऑपरेशन झालं होतं. या पट्ट्याची करामत साधी असते. सिलिकॉनची एक कडी जठराच्या वरच्या भागाभोवती आवळायची. तिच्यापासून एक बारीक नळी निघते आणि पोटाच्या कातडीखाली ठेवलेल्या बटणाला येऊन मिळते. बटणात सुई टोचून सलाइनचं पाणी भरलं की कडी फुगते आणि घास सावकाश उतरतो. थोड्याशा खाण्यानं पोट भरतं.

पायलटचं वजन आधी झरझर उतरलं. मग ते परत आलं, आणि येताना सोबत पाहुणेही घेऊन आलं. झोपेत श्वास अडकायला लागला, दिवसा डोळे मिटायला लागले. डेपोच्या डॉक्टरांनी तिला स्टीअरिंगवरून उठवून सामानाच्या खोलीत बसवलं. म्हणून ती आमच्याकडे आली होती. फसलेला पट्टा काढायचा आणि जठराची नव्यानं मांडणी करायची, असं ठरलं होतं. आमच्या भाषेत याला रिव्हिजन म्हणतात, म्हणजे झालेल्या कामाची फेरदुरुस्ती.

पडद्यावर पांढरा घोट घशातून निघाला आणि कुठेही न थबकता थेट जठरात उतरला. कातडीखालचं बटण दिसत होतं. बटणापासून नळी वीतभर आत जात होती आणि तिथेच संपत होती. पुढे काहीच नव्हतं.

"म्हणजे नळ आहे, पाइप आहे, फक्त टाकी नाही," मी म्हणालो.

दाराशी पायलटची थोरली बहीण उभी होती, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"म्हणजे त्या म्हाताऱ्यानं पट्टा घातलाच नव्हता!" ती ओरडली. "नुसतं कातडीखाली बटण शिवून दिलं आणि माझ्या बहिणीला फसवलं!"

पायलटनं पेला खाली ठेवला, मनगटानं ओठ पुसले आणि शांतपणे विचारलं, "मग इतकी वर्षं माझ्या पोटात होतं तरी काय?"

२

पायलटच्या बहिणीनं, म्हणजे ताईंनी, दुसऱ्याच दिवशी तक्रार केली. तो म्हातारा म्हणजे आमचे थोरले डॉक्टर. शहरातले निम्मे सर्जन त्यांच्या हाताखाली चाकू धरायला शिकलेले, आणि सर्जनबाई त्यातल्याच एक. त्यामुळे चौकशी आपल्याकडे नको, असं बाईंनी अधीक्षकांना स्पष्ट सांगितलं.

"पट्टा घालणं इथे दुसऱ्या कुणाला येतं?" अधीक्षकांनी विचारलं.

"नाही."

"मग तो कसा नाहीसा होतो, हेही तुम्हालाच शोधावं लागेल. तुमच्या प्रत्येक पावलावर डॉक्टरांच्या एका समितीची नजर राहील, काळजी करू नका."

बाईंनी मला सोबत घेतलं. मी भूलतज्ज्ञ. त्या मला भुलोबा म्हणतात. "भूल देणं तुझं काम आणि भूल शोधणं माझं," हा त्यांचा आवडता विनोद, आणि तो केला की पहिल्यांदा त्याच हसतात. त्या दिवशी मात्र त्यांनी तो केला नाही.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सीटी स्कॅन. पण त्या यंत्राच्या कड्यात पायलट मावेना. "या बोगद्यातून माझी गाडी जायची नाही," ती म्हणाली आणि सगळे हसले. तीही हसली. मग तिची चाकाची खुर्ची वॉर्डात परत नेताना ती संपूर्ण वाट भिंतीकडे तोंड करून बसली होती. साधे एक्स-रे काढले, तर बेंबीखाली नुसतं धुकं. त्यात पट्टा असता तरी दिसला नसता.

थोरल्या डॉक्टरांचं हॉस्पिटल केव्हाच बंद पडलं होतं. जुनी कागदपत्रं रद्दीत गेलेली, हाताखालचे लोक पांगलेले. हे एकच ऑपरेशन वेगळं लक्षात ठेवावं असं कुणाला काही कारणही नव्हतं. उरले फक्त थोरले डॉक्टर.

त्यांच्या सुनेनं दार उघडलं. "बोलतील, पण मागचंच बोलतील हं," ती हलक्या आवाजात म्हणाली.

थोरले डॉक्टर खिडकीशी बसले होते. खुर्चीच्या हाताला दोरा बांधलेला होता आणि त्यावर ते एका हातानं गाठी मारत होते. बोटं अजून वाऱ्यासारखी चालत होती. बाईंना पाहताच त्यांचा चेहरा खुलला.

"तू! गाठ मारताना जीभ बाहेर काढायचीस!"

"हो सर." बाई त्यांच्या पायाशी स्टुलावर बसल्या. मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. ती बसवाली बाई, ते बटण, ती कुठेच न पोचणारी नळी.

थोरल्या डॉक्टरांची बोटं थांबली.

"मला ती बाई आठवत नाही," ते म्हणाले. "काल सूनबाईनं मला दोनदा जेवायला वाढलं, कारण पहिलं जेवण मला आठवत नव्हतं. असा माणूस पट्टा घालायला विसरणार नाही कशावरून?"

"सर, तेव्हा तुम्ही असे नव्हतात."

"सुरुवात कधी झाली हे तुला माहीत आहे? मला नाही. सांगून टाक तुमच्या समितीला. चूक माझीच."

३

हॉस्पिटलात परत येताच बाई तडक वॉर्डात गेल्या, पायलटच्या पलंगाशी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "मला पहिल्या दिवसापासून सांगा. पट्टा घातल्यावर काय वाटायचं?"

"बाई, पट्टा घातलाच नाही म्हणतात ना?"

"काय म्हणतात ते राहू द्या. तुम्हाला काय वाटायचं?"

पायलटनं उशी पाठीशी घेतली. "पहिल्यांदा बटणात पाणी भरलं ना, तेव्हा बेतानं खायचे. छान चाललं होतं. मग डॉक्टरांनी आणखी थोडं भरलं आणि लाल सिग्नलच लागला. घास इथे," तिनं छातीच्या मधोमध बोट ठेवलं, "इथे येऊन उभा राहायचा. पुढे नाही, मागे नाही. एकदा तर पाण्याचा घोटसुद्धा उतरेना, लाळ तोंडातून बाहेर. तशीच गेले त्यांच्याकडे. त्यांनी बटणात सुई घातली, थोडं पाणी काढून घेतलं. मला एक मोठी ढेकर आली आणि सगळं खाली सरकलं. तिथेच त्यांच्यासमोर ग्लासभर पाणी प्यायले. ते टाळ्या वाजवायला लागले."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत दिवा लागल्यासारखा मला वाटला.

"आणि हे सुख संपलं कधी?"

पायलटनं दाराकडे पाहून घेतलं, ताई जवळपास नाहीत याची खात्री केली.

"मी कुणाला सांगितलेलं नाही. एक दिवस शेवटच्या थांब्यावर गाडी लावली होती. एका प्रवाशानं सफरचंद दिलं. सालासकट सफरचंद मला चालायचंच नाही, हमखास अडकायचं. पण कित्येक महिन्यांत दातांखाली कुरकुरीत काही आलं नव्हतं हो. म्हटलं, एक चावा. उतरला. दुसरा घेतला. अख्खं सफरचंद खाल्लं आणि काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी परत. तेव्हाच कळलं, मी हावरटासारखं खाऊन पट्टा फोडला. घरात सगळे म्हणायचे, पोटात पट्टा असून ही फुगते कशी? मला उत्तर माहीत होतं. दोष माझाच आहे, बाई. त्या म्हाताऱ्या माणसाला कशाला ओढता यात?"

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "दोन आरोपी, दोघांचेही कबुलीजबाब. एवढं सोपं प्रकरण मी पाहिलं नाही."

"बटणातून पाणी काढल्याबरोबर घास उतरला," बाई म्हणाल्या. "आत पट्टा नसता तर पाणी काढून कोणती गाठ सैल झाली असती? सरांनी पट्टा घातला होता, भुलोबा! घातला होता, आवळला होता, सैल केला होता."

"हे समितीला पटेल?"

"नाही. ते म्हणतील, मनाचे खेळ. ती मोकळी ढेकर काही पुरावा होत नाही. आणि पटलं तर प्रश्न आणखी अवघड होतो. बंद पोटातून वस्तू गेली कुठे? त्या पोटाला त्यानंतर कुणी हात लावलेला नाही."

"कुणीच नाही?"

मागून ताईंचा आवाज आला. "तिच्या नवऱ्याला विचारा. ऑपरेशन त्याला पहिल्यापासून नको होतं. आणि तक्रार मागे घे म्हणून तो माझ्या मागे लागलाय. का, ते विचारा."

४

पायलटचा नवरा गाड्यांच्या सीटा शिवायचा. दुकानभर फोमचे ठोकळे, रेक्झिनचे गुंडाळे, भिंतीला हातभर लांबीच्या वाकड्या सुया. आम्हाला पाहताच त्यानं शिलाई मशीन बंद केलं आणि उगीचच फोमचा चुरा झाडायला लागला.

"तक्रार मागे का घ्यायची आहे तुम्हाला?" बाईंनी सरळ विचारलं.

"म्हातारा माणूस आहे तो."

"तेवढंच?"

तो झाडू टेकून खाली बसला. "बाई, त्यांनी नाही, मी घालवला तो पट्टा. डेपोत नव्या गाड्या आल्या, त्यांचा सीटबेल्ट बरोब्बर हिच्या बटणावरून जायचा. दिवसभर घासायचा. मी त्याला मऊ उशी शिवून दिली, पण तिथे गळू झालं. लालभडक. ही म्हणाली, डॉक्टरांकडे जायचं तर सुट्टी घ्यावी लागेल, तूच शेक दे. मी गरम पाण्याची पिशवी दाबून धरायचो. रोज. पू आला, गळू बसलं, पण त्यानंतरच हिचं वजन वाढायला लागलं. माझ्या डोक्यात प्रकाश पडला, त्या उष्णतेनं आतली नळी वितळली. मी गरम करून फोम चिकटवणारा माणूस, मला कळायला नको होतं? हिला तोंड कसं दाखवू?"

"म्हणून इतकी वर्षं गप्प बसलात?"

"ती स्वतःला दोष देत बसायची आणि मी ऐकत बसायचो," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गरम पाण्यानं ती नळी वितळत नाही. भट्टीत घातली तरी लवकर वितळायची नाही. ते गळू मात्र तुमचं नव्हतं आणि सीटबेल्टचंही नव्हतं. ते आतून आलं होतं."

तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मीही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तोंडातून दुर्बीण घालून पायलटचं जठर आतून पाहिलं. ताई आणि समितीचे दोन डॉक्टर पडद्यासमोर उभे होते. ओली गुलाबी गुहा, तिच्या भिंतींवर लाटांसारख्या घड्या. बाईंनी दुर्बीण वळवून वरच्या टोकाकडे नेली आणि थांबवली. तिथे त्या गुलाबी भिंतीवर एक फिकट पांढरा व्रण होता. मध्यबिंदूपासून चहूकडे रेघा गेलेल्या. चांदणी असावी तसा.

"इथून आत आला तो," बाई म्हणाल्या. "पट्टा जठराच्या बाहेरून आवळलेला असतो. कधीकधी, क्वचित, तो महिन्यामहिन्यानं भिंतीत रुतत जातो. केसभर, केसभर. जठर त्याला बाहेर ढकलू शकत नाही, म्हणून आत घेतं. आणि तो जसजसा आत येतो, तसतशी मागची जखम भरत जाते. त्या वाटेनं जंतू नळीवरून बटणापर्यंत पोचतात आणि कातडीवर गळू येतं. हीच त्याची पहिली खूण असते. चोर दार फोडून आत आला आणि घरानं त्याच्या पाठीमागे दार नव्यानं बांधून काढलं."

समितीतले एक डॉक्टर खाकरले. "जुन्या अल्सरचा व्रणही असाच दिसतो, बाई. आणि पट्टा आत आला असेल, तरी तो नळीला बांधलेला होता. खुंटीला बांधलेली गाय गोठ्यातून कशी जाईल? एक्स-रेत नळी मधूनच तुटलेली दिसते. मग ती कापली कुणी?"

ताई हळूच म्हणाल्या, "आणि पोटात शिरून कापण्याची हत्यारं डॉक्टरांशिवाय असतात कुणाकडे?"

बाईंनी दुर्बीण हळूहळू बाहेर काढली.

५

ऑपरेशन तर करायचंच होतं. बटण आणि उरलेली नळी काढायची होती, आत काय आहे ते बघायचं होतं. त्या सकाळी भूल देण्यापूर्वी मी पायलटशी बोलायला गेलो. आमच्या धंद्यात हे बोलणं फार महत्त्वाचं. शुद्धीतला माणूस जे सांगायला विसरतो, ते बेशुद्धीत आम्हाला महागात पडतं.

"पोटात कधी जोराची कळ? उलट्या?"

"एकदा. पुलावर होते. असा घाम फुटला की स्टीअरिंग हातातून निसटायला लागलं. गाडी कडेला घेतली, लोकांना म्हटलं, जरा थांबा, इंजिन तापलंय. इंजिन कसलं, मीच तापले होते! थोड्या वेळानं कळ आपोआप गेली. पॅसेंजर बिचारे माझ्यासाठी इंजिनला शिव्या देत होते."

"सफरचंदाच्या आधी की नंतर?"

"पुष्कळ नंतर. त्यानंतर अधूनमधून खाली उजवीकडे टोचतं. गाडीला तीव्र वळण असलं की जास्त. म्हटलं, वयाप्रमाणे व्हायचंच."

मी बाईंना शोधत गेलो. त्या हात धूत होत्या, कोपरापर्यंत साबण. मी सांगितलं तसं त्यांचे हात थांबले. नळाचं पाणी वाहत राहिलं.

"खाली उजवीकडे," त्या म्हणाल्या. "भुलोबा, तो गेलेलाच नाही."

पायलट झोपली. तिचा श्वास आता माझ्या यंत्राच्या हातात होता. बाईंनी छोट्या छिद्रांतून कॅमेरा आत घातला. समितीचे डॉक्टर पडद्यापाशी उभे राहिले.

आधी नळी. तिचं सैल टोक पोटाच्या स्नायूंमधून आत लोंबत होतं. बाईंनी कॅमेरा त्याच्या अगदी जवळ नेला. टोक पिवळं पडलं होतं. एका बाजूनं कागदासारखं पातळ झालेलं, दुसऱ्या बाजूला फाटलेला ओठ.

"कात्रीनं कापलं तर कड सरळ येते," बाई म्हणाल्या. "ही झिजलीय. बरोबर सीटबेल्टच्या खाली, स्नायूंच्या कडेवर. बस वळली की नळी वाकायची. दिवसभर, रोज. शेवटी तुटली. कुणी कापली नाही. त्या दिवशी खुंटी सुटली."

मग त्या वर गेल्या, जठराकडे. यकृताची कड हळूच उचलली. तिथे, जठराच्या गळ्याभोवती, पांढुरक्या पडद्याचा एक बोगदा होता. कडीच्या मापाचा. शरीरानं पट्ट्याभोवती विणलेलं घर. आत कुणीच नव्हतं. आणि त्या रिकाम्या बोगद्यावर जठराची घडी ओढून घातलेले निळे टाके तसेच्या तसे होते. प्रत्येक गाठीवर एक जास्तीचा वेढा.

बाईंचा आवाज मास्कमधून वेगळाच आला. "हे टाके पट्टा जागेवर ठेवायलाच घालतात. नुसतं बटण शिवणाऱ्याला त्यांची गरज नसते. आणि असा जास्तीचा वेढा एकच माणूस घालतो. मला तो घालायला त्यांनीच शिकवलं."

समितीचे डॉक्टर पडद्याच्या आणखी जवळ आले.

आता उरलं आतडं. बाईंनी ते दोन चिमट्यांनी धरलं आणि हातावर हात घेत पुढे सरकू लागल्या. मी कितीतरी ऑपरेशनं पाहिली आहेत, पण त्या दिवशी ते आतडं मी पहिल्यांदा पाहिलं असं वाटतं. गुलाबी, चकाकणारं, जिवंत. मी पायलटला पूर्ण झोपवलं होतं. तिला स्वतःचं नावही सांगता आलं नसतं. पण ते झोपलं नव्हतं. चिमटा लागला की आळस दिल्यासारखं हलायचं, एक वळसा आखडायचा, पुढचा सैल व्हायचा. कुणीही न सांगता, कुणीही न बघता ते हेच करत आलं होतं. ताई तिला टोमणे मारत होत्या तेव्हा, ती सामानाच्या खोलीत रडत होती तेव्हाही.

वळसे मागे पडत गेले. खोलीत फक्त माझ्या यंत्राचा ठोका. खाली उजवीकडे, जिथे लहान आतडं संपून मोठं सुरू होतं, त्याच्या जरा अलीकडे एक वळसा उंचवट्यासारखा दिसत होता. बाईंनी चिमट्यानं त्याला नुसता स्पर्श केला. कापडाखालून दोरी दिसावी तसा आतला आकार उमटला.

नर्सनं श्वास आत घेतला तो मला ऐकू आला.

छोटासा छेद घेऊन बाईंनी तो बाहेर काढला. कडीची दोन टोकं अडकवणारं बक्कल सुटून पट्टा सरळ झालेला, म्हणून तर त्या अरुंद वाटेतून तो येऊ शकला होता. काळवंडलेला, वाकडातिकडा. एका टोकाला नळीचं बोटभर शेपूट. बाईंनी पोटातून काढलेली दुसरी नळी शेजारी ठेवली आणि दोन तुटकी टोकं एकमेकांना भिडवली. पातळ बाजूला पातळ बाजू, फाटक्या ओठाला फाटका ओठ. फट उरली नाही.

"जठरात शिरला," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणून सफरचंद उतरलं. नळी तुटेपर्यंत तिथेच लटकत राहिला. तुटल्यावर जठराच्या दारातून बाहेर पडला, ती पुलावरची कळ. मग एवढा सगळा प्रवास. आणि ही बाई त्या काळात बस चालवत होती. लोकांना वेळेवर घरी पोचवत होती."

समितीच्या डॉक्टरांनी टोपी काढली. ऑपरेशन थिएटरमध्ये टोपी काढायची नसते. नर्सनं त्यांना रागवायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

६

संध्याकाळी पायलटच्या पलंगाशी बाईंनी सगळ्यांना बोलावलं.

"या प्रकरणात आरोपी कमी आणि कबुलीजबाबच जास्त," त्या म्हणाल्या. "थोरले डॉक्टर म्हणाले, मी विसरलो. ते विसरले नव्हते. तुमचे मिस्टर म्हणाले, मी वितळवला. काही वितळलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, मी हावरटपणानं फोडला. तो फुटला नव्हता. तुमचा निश्चय मोडला म्हणून वजन वाढलं नाही. तुमच्या पोटातला अडसरच निघून गेला होता, आणि भूक जी असायची तीच परत आली. तुमच्या शरीराला एक परकी वस्तू नको होती. त्यानं कुणाला न दुखवता ती दाराबाहेर नेऊन ठेवायला घेतली होती. थोडीशीच वाट राहिली होती."

पायलट टीपॉय पुढे ओढून त्यावरच्या बाटलीतल्या त्या काळ्या पट्ट्याकडे बघत होती. मग तिनं स्वतःच्या पोटावर अलगद हात ठेवला. माझ्या आठवणीत तिनं त्या पोटाला आजवर नेहमी झाकायलाच हात नेला होता.

"एवढं सगळं केलंस होय रे," ती पोटाला म्हणाली. "आणि मी तुला शिव्या घालत होते."

नवरा खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. ताईंनी पर्समधून कंगवा काढला आणि बहिणीचे झोपून गुंतलेले केस विंचरायला घेतले. तक्रार दुसऱ्या सकाळी मागे घेतली गेली.

आतड्याचा छेद भरून येईपर्यंत थांबून बाईंनी ठरलेलं दुसरं ऑपरेशन केलं. जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून तो आतड्याला जोडला. या वेळी आत कुठलीही कडी ठेवायची नव्हती. बरं होणं काही जादूनं झालं नाही. सुरुवातीला सूपचे घोट मोजत प्यावे लागले, मधूनच चक्कर यायची, एकदा तर ती बाईंवर चिडून रडली. पण झोपेतला श्वास मोकळा झाला. वर्ष सरायच्या आत डेपोच्या डॉक्टरांनी तिला परत बस दिली.

थोरल्या डॉक्टरांना निकाल सांगायला बाई पट्टा सापडला त्याच आठवड्यात गेल्या होत्या. ते ऐकून रडले, हसले. चार दिवसांनी सूनबाईंचा फोन आला. ते पुन्हा घाबरून विचारत होते, त्या बसवाल्या बाईचा पट्टा मी घातला की नाही? बाईंनी फोनवर पुन्हा सांगितलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. एक भीती कुठेतरी रुतून बसली होती आणि तिचं उत्तर मात्र टिकत नव्हतं.

हे पायलटच्या कानावर गेलं. आता सुट्टीच्या दिवशी ती स्वतःच त्यांच्याकडे जाते. एकदा मीही सोबत गेलो. तिनं आत पाऊल टाकताच थोरल्या डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी बसवाली. तुम्ही माझ्या पोटात पट्टा घातला होता."

त्यांचा चेहरा उतरला. "घातला होता? नक्की?"

"नक्की. आणि असा पक्का घातला होता की तो निघून गेला तरी तुमचे टाके जागेवरच. सगळ्यांनी पडद्यावर पाहिले."

"निघून गेला? पोटातून?" ते खुर्चीत पुढे सरकले. "कसा काय?"

"जठराची भिंत ओलांडून."

"आणि तुम्ही जिवंत?"

"बस चालवत होते!"

"अहो, काय सांगता काय!" त्यांचे डोळे मोठे झाले. लहान मुलासारखे त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. ही गोष्ट त्यांनी किती वेळा ऐकली असेल, देव जाणे. पण ते पहिल्यांदाच ऐकत होते. "मग? मग पुढे कुठे गेला तो?"

पायलटनं खुर्ची त्यांच्या आणखी जवळ घेतली.

"ऐका तर," ती म्हणाली.